दुबईतल्या एक दिरहमच्या तरीबद्दल (म्हणजे होडीबद्दल) पण छापा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दुबईवर अख्खं पान आलं होतं. फोटो मस्त होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सगळं पान म्हणजे ते शिडासारखं दिसणारं हॉटेल, सोन्याचा वर्ख लावलेली कॉफी, यॉटवरची पार्टी, मॉलमधल्या बॅगा, आणि त्याच पानाच्या खाली टूर कंपनीची जाहिरात, दुबई फक्त इतक्या हजारात, चांदणी लावून, आणि चांदणीचा अर्थ मुंगीच्या अक्षरात. आता आमच्या बिल्डिंगमध्ये काय झालं सांगते. एका घरात ते पान वाचून ठरलं की दुबई हे आपलं कामच नाही, तिकडे पैसेवाले जातात. दुसऱ्या घरात त्याच दिवशी जाहिरातीतल्या नंबरवर फोन गेला. माझ्या मते दोन्ही घरांपर्यंत अर्धीच माहिती पोचली, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त दिरहमचे, म्हणजे तिकडच्या पैशांचे, आकडे कापू नका, पत्राचा जीव त्यातच आहे.

माझी ओळख म्हणाल तर मी चिपळूणची, पतपेढीत नोकरी, मिस्टर एसटीतून रिटायर. म्हणजे बजेट काय असेल ते तुम्हाला कळलं. मिस्टरांचा पुतण्या तिकडे देऱ्यात, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात, एका गोडाऊनवर स्टोअरकीपर आहे, त्याच्यामुळे आमचं जाणं झालं. रत्नागिरी-रायगडात असं घर शोधून काढावं लागेल जिथलं कोणी गल्फला गेलं नाही. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला तेव्हापासून कोकणातली पोरं तिकडे जातायत, बोटीत, बांधकामात, किचनमध्ये, ऑफिसात. पण ती दुबई आपल्या पेपरात कधी येत नाही. पेपरात येते ती बुर्ज खलिफाची.

मला मुद्दा एकच मांडायचाय. दुबईत कमी पैशात फिरता येतं, आणि ते कोणी सवलत देतं म्हणून नाही, तर ते शहर चालवणाऱ्या लाखो कमी पगाराच्या माणसांना तिथे रोज जगावं लागतं म्हणून. त्या देशात दहातले जवळपास नऊ जण बाहेरचे आहेत आणि त्यात आपले भारतीयच ३५ लाखांच्या वर. ही सगळी माणसं काय त्या वर्खाच्या कॉफीवर राहतात होय? त्यांच्यासाठी स्वस्त बस आहे, स्वस्त जेवण आहे, स्वस्त बाजार आहे. टुरिस्टने नुसतं तिकडे वळायचं. पॅकेजवाला तुम्हाला तिकडे वळू देत नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही.

आधी पैशाचं बोलू. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून तोच भाव चालू आहे. म्हणजे आपला रुपया डॉलरपुढे घसरला की दुबई आपोआप महाग होते, तिकडे चहाचा भाव तोच असला तरी. पाच-सहा वर्षांपूर्वी जाऊन आलेले लोक सांगतात एका दिरहमला वीस रुपयांचा हिशोब धरा, तो आता धरू नका, चोवीस-पंचवीस धरा आणि वर थोडी गंगाजळी ठेवा. गंमत म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला हा गुणाकार करावाच लागत नव्हता, कारण त्या सगळ्या पट्ट्यात आपलाच रुपया चालायचा. तिकडून सोन्याची चोरटी आयात वाढली म्हणून १९५९ ला रिझर्व्ह बँकेने गल्फसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, मग १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिकडच्या लोकांनी एकेक करत रुपया सोडून दिला. दिरहम आला १९७३ ला. हे मला पुतण्याने नाही सांगितलं हां, आमच्या पतपेढीतले एक जुने मॅनेजर आहेत त्यांना असल्या गोष्टींचा भारी नाद.

आता पॅकेजचं. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने सारखीच. शेजारचे जाऊन आले त्यांचा कार्यक्रम मी वाचलाय. हॉटेल दुबईत म्हणून लिहिलेलं, प्रत्यक्षात शारजात. ऐकायला जवळ वाटतं पण सकाळ-संध्याकाळ शारजा-दुबई रस्त्याला जे ट्रॅफिक लागतं ते घोडबंदर रोडवाल्यांना पण लाजवेल, त्यामुळे अर्धा दिवस बसमध्ये. बुर्ज खलिफा म्हणजे ‘फोटो स्टॉप’, वर जायचं तर पैसे वेगळे. मग एक चॉकलेटची फॅक्टरी, एक खजुराचं दुकान, एक परफ्युमचं, जिथे तासतासभर थांबायचं कारण गाईडचं कमिशन असतं, आणि बाहेर ऊन असल्यामुळे माणूस एसीसाठी तरी आत जातो आणि आत गेला की काहीतरी घेतोच. हॉटेलवर पोचल्यावर टुरिझम दिरहम म्हणून रूममागे रोजचे पैसे मागतात, हा सरकारी कर आहे, साध्या हॉटेलला ७ पासून वरच्याला २० पर्यंत, त्यात फसवणूक काही नाही, पण जाहिरातीत तो नसतो. वर व्हॅट ५ टक्के. चांदणीचा अर्थ हाच. ज्यांना चालणं जमत नाही, भाषेची भीती वाटते, सोबत खूप म्हातारी माणसं आहेत, त्यांनी पॅकेज घ्यावं, मी कोणाला अडवत नाही. पण हातपाय धड आहेत आणि मोडकंतोडकं हिंदी येतं त्यांना दुबईत अडण्यासारखं काही नाही, कारण अर्धं दुबई हिंदीतच बोलतं आणि उरलेल्यातलं अर्धं मल्याळममध्ये.

विमानतळावरूनच सुरुवात करा. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोचं स्टेशन आहे. टर्मिनल २ ला नाही, आणि काही स्वस्तातली विमानं नेमकी तिथेच उतरतात, तेव्हा तिकीट काढताना हे बघून घ्या नाहीतर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. विमानतळावरून टॅक्सीत बसलं की मीटर २५ दिरहमवर सुरू होतो, नुसतं बसल्याचे. पुतण्या फोनवर आधीच म्हणाला होता, “काकी, टॅक्सी कशाला, काका एसटीतले ना, त्यांना बस-मेट्रो काय शिकवायची?” तर मेट्रोचं असं की ‘नोल’ नावाचं कार्ड घ्यायचं, सिल्व्हर कार्ड २५ दिरहमचं, त्यातले १९ तुमच्याच प्रवासाला वापरता येतात. एका झोनमध्ये ३ दिरहम, दोन झोनला ५, त्याहून लांब कितीही गेलात तरी साडेसात. दिवसभर भटकायचं असेल तर २० चा पास. हेच कार्ड बसला पण चालतं. गाडीला ड्रायव्हर नाही, ९ सप्टेंबर २००९ पासून म्हणजे ९-९-९ चा मुहूर्त धरून ती अशीच बिनड्रायव्हरची पळतेय. आमच्या मिस्टरांना हे काही झेपलं नाही, उभी हयात ड्रायव्हर-कंडक्टरांत गेलेली, ते प्रत्येक स्टेशनला पुढे डोकावून बघायचे कोणीतरी असेलच म्हणून. बायका-मुलांचा वेगळा डबा असतो, जमिनीवर गुलाबी पट्टी काढलेली असते, पुरुष चुकून शिरला तर १०० दिरहम दंड. खाल्लं, पाणी प्यायलं, च्युइंगम चघळलं तरी १०० दिरहम. आपल्याकडे लोकलमध्ये भडंगाची पुडी सोडायची सवय, ती सवय तिकडे अडीच हजारांना पडते. सामान माणशी एक मोठी बॅग आणि एक छोटी, त्यापेक्षा जास्त नाही. आणि रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, इतर दिवशी पाचला, पहाटेचं विमान असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि हा रस्ता ओलांडण्याचा दंड! झेब्रा सोडून मधूनच ओलांडलात आणि पोलिसांनी पकडलं तर ४०० दिरहम. चिपळूणच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला हा नियम पाळणं म्हणजे तपश्चर्या आहे.

आता खरी जागा. दुबईत खाडी आहे, अस्सल खाडी, आमच्या वाशिष्ठीला जशी भरती-ओहोटी तशीच तिलाही. अलीकडे बर दुबई, पलीकडे देरा. मधे लाकडी होड्या चालतात, ‘अब्रा’ म्हणतात, आपल्या दाभोळच्या तरीचाच प्रकार पण छोट्या, मध्ये बाकडं, दोन्ही बाजूला तोंड करून माणसं बसतात, इंजिन फटफट करतं आणि दहा मिनिटांच्या आत पलीकडे. भाडं १ दिरहम. हो, एकच. नाणं सरळ होडीवाल्याच्या हातात द्यायचं. जगातला सगळ्यात उंच टॉवर जिथे आहे त्या शहरात पंचवीस रुपयांत खाडी पार होते, आणि त्या होडीतून संध्याकाळी जे दिसतं, म्हणजे दोन्ही काठांवरचे दिवे, मशिदींचे मिनार, वर उडणारे सीगल, त्यासाठी पॅकेजवाले ‘ढाऊ क्रूझ’ म्हणून किती घेतात ते तुम्ही जाहिरातीत बघा. क्रूझवर जेवण असतं हे मान्य. पण आम्ही तरीने जाऊन तरीने परत आलो आणि परत एकदा गेलो, उगाच, हौस म्हणून.

देऱ्याच्या बाजूला उतरून धक्क्याने चालत राहिलात तर खरी गलबतं लागलेली दिसतात, फ्रिज, टायर, तांदळाच्या गोण्या, गाद्या असलं वाट्टेल ते भरत असतात, इराणला जाणारी, सोमालियाला जाणारी. कच्छ-सलायाकडचे गुजराती खलाशी भेटतात. किनाऱ्याला वाढलेल्या माणसाने हे बघायलाच पाहिजे, आमच्या जयगड-दाभोळला अशी मालाची गर्दी असायची असं सासरे सांगायचे. तिकीट नाही, गाईड नाही. धक्क्यापासून आत शिरलं की मसाल्याचा बाजार आणि पुढे सोन्याचा बाजार, मेट्रोचं अल रास स्टेशन त्यातल्या त्यात जवळचं. केशरवाले हाका मारतात, हिंदीत आणि कधीकधी मराठीत पण, घ्यायचं नसेल तर नुसतं हसून पुढे जायचं, थांबलात की संपलं. सोन्याच्या बाजारात एका दुकानात जगातली सगळ्यात मोठी अंगठी ठेवलीये, खड्यांसकट जवळपास ६४ किलोची, काचेपलीकडून फुकट बघता येते.

सोन्यावरून एक महत्त्वाचं, कारण आमच्या महिला मंडळात यावर भयंकर गैरसमज आहेत. बाईला चाळीस ग्रॅम सोनं ड्युटी न भरता आणता येतं असं सगळ्या जणी छातीठोक सांगतात. ती सवलत वर्षभराहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे. चार दिवस फिरायला गेलेल्या तुम्हा-आम्हाला नाही. तिकडे भाव कमी दिसतो, घडणावळीत घासाघीस पण होते, पण इकडे उतरल्यावर कस्टमने धरलं तर बचत सगळी ड्युटीत जाते आणि वर चारचौघांत शोभा. पॅकेजवाला सोन्याच्या दुकानात नेताना हे सांगत नाही. तुमच्या पानावर पण सोनेखरेदीची चौकट होती, त्यात ही ओळ नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बर दुबईच्या बाजूला अल फहिदीची जुनी वस्ती आहे, मातीच्या रंगाची घरं, वर हवा खेचून घेणारे चौकोनी मनोरे, इराणकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली. एसी नव्हता तेव्हा हे मनोरेच वारा खाली आणायचे. गल्ल्यांमधून फिरायला पैसे नाहीत. तिथलाच किल्ला १७८७ चा, शहरातली सगळ्यात जुनी इमारत. तिथून चालत मीना बाजार, तिथे गेलात की दुबई विसरायला होतं, उल्हासनगर आठवतं. जुन्या मंदिर गल्लीतलं शंकराचं देऊळ आता जेबेल अलीला हललं, तिकडे २०२२ च्या दसऱ्याला नवीन मोठं देऊळ झालंय, शेजारी गुरुद्वारा, तिथे लंगर असतो, कोणालाही.

खाण्याचं सांगते. देरा, करामा, सतवा इथल्या गल्लीबोळांत ‘कॅफेटेरिया’ असतात, म्हणजे आपली टपरीच पण एसीवाली, बहुतेक मल्याळी लोकांच्या. कडक चहा मिळतो, त्याला तिकडे ‘करक’ म्हणतात, पूर्वी सगळीकडे एक दिरहम होता, आता बऱ्याच ठिकाणी दीड-दोन. पराठ्यात अंडं गुंडाळून देतात, शवर्मा पाच-सात-आठ दिरहम. करामात उडप्यांची, गुजराती थाळीची हॉटेलं आहेत, वडापाव पण मिळतो, पण तिकडे जाऊन वडापाव कशाला खायचा. ग्रोसरीत खुबूस म्हणून अरबी रोटीचं पाकीट मिळतं, एकदम स्वस्त, ते आणि लबान म्हणजे ताकाची बाटली आणि चार केळी घेतली की दोघांचं दुपारचं भागतं. पुतण्याच्या रूमवरची मुलं महिन्याच्या शेवटी असंच भागवतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, ‘दुबई कॅन’ म्हणून २०२२ पासून बागांत, बीचवर फुकट थंड पाण्याचे नळ बसवलेत, बाटली भरून घ्यायची.

इथे जरा थांबते कारण हे लिहिताना मला बरं वाटत नाही. चहा दोन दिरहमला परवडतो कारण तो देणारा पोरगा किती पगारावर, किती तास उभा असतो हे आपण विचारत नाही. पुतण्या सहा जणांच्या खोलीत राहतो, बेडस्पेस म्हणतात त्याला, म्हणजे खोली नाही, पलंग भाड्याने. पलंगाला पडदा लावलेला, पडद्यामागे त्याचं घर, तिथेच देवाचा फोटो, तिथेच मोबाईलचा चार्जर, तिथेच गणपतीला गावी यायच्या तिकिटाचे पैसे जमवायचे. त्याने आम्हाला खोली दाखवायला काचकूच केली, मिस्टरच म्हणाले अरे दाखव, मी काय विश्रामगृहात कमी झोपलोय का. रविवारी संध्याकाळी नासिर स्क्वेअरला, पाटीवर बनियास स्क्वेअर लिहिलंय पण कोणी तसं म्हणत नाही, जाऊन बघा. सुट्टी असलेली हजारो माणसं नुसती उभी असतात, गप्पा मारत, व्हिडिओ कॉल करत, पैसे खर्च न करता. बिनपैशात वेळ कसा घालवायचा हे दुबईत त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. कंटाळा आला, काही बिनसलं की एकच शब्द, खल्ली वल्ली, म्हणजे जाऊ दे रे.

तर राहायचं कुठे. बेडस्पेसमध्ये टुरिस्टने राहू नये, आणि अशा पार्टिशन केलेल्या खोल्यांवर तिकडची म्युनिसिपालिटी धाड घालते, इंटरनेटवर कोणी फार स्वस्तात ‘रूम’ देत असेल तर लायसन्स आहे का विचारा. देऱ्यात, अल रिग्गाला, बर दुबईत एक-दोन तारांकित जुनी हॉटेलं भरपूर आहेत, मेट्रोला चिकटून असलेलं बघा, तिथे दोनशे रुपये जास्त गेले तरी रोजचं चालणं वाचतं. व्हिसा आपल्याला आधीच काढून जावा लागतो, अमेरिका-युरोप वगैरेचा व्हिसा असलेल्यांची गोष्ट वेगळी. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हल्ली मागतात, तेव्हा हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून जवळ ठेवा.

कधी जायचं हा तर सगळ्यात मोठा प्रश्न, आणि मला वाटतं याच्यावर पेपरांनी खरं लिहायला पाहिजे. आपल्याला सुट्टी मे महिन्यात. तेव्हाच हॉटेलं स्वस्त होतात, आणि ती का होतात, तर पारा चाळीसच्या वर गेलेला असतो. जून ते सप्टेंबर तर विचारू नका. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम द्यायला तिकडच्या कायद्याने बंदी आहे, आणि आपले लोक त्याच वेळेला पोरांना घेऊन बुर्ज खलिफासमोर सेल्फी काढत असतात. घाम पण वाळत नाही नीट, समुद्राची दमट हवा असते, मुंबईसारखी पण तापवलेली. नोव्हेंबर ते मार्च हवा उत्तम पण तेव्हा हॉटेलं महाग, दिवाळीला विमानं महाग. मधला मार्ग म्हणजे नाताळची सुट्टी टाळून जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा बुडवणं पटत असेल तर. आणि मे मध्येच जाणं भाग असेल तर सकाळी दहापर्यंत बाहेर, मग थेट संध्याकाळी सहानंतर. मधला वेळ मॉलमध्ये काढतात सगळे, पण अल जद्दाफला खाडीच्या काठी मोहम्मद बिन रशीद लायब्ररी आहे, २०२२ ला उघडली, बाहेरून ग्रंथ ठेवायच्या लाकडी रेहलसारखी इमारत. आत थंडगार, शांत, मेट्रोच्या ग्रीन लाईनच्या क्रीक स्टेशनला उतरायचं. आम्हाला तिथून मिस्टरांना उठवून आणावं लागलं, जुने नकाशे बघत बसले होते.

बुर्ज खलिफाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही लिहिलंच आहे. ८२८ मीटर, २०१० ला उघडला. वर जायचं तिकीट वेळेनुसार बदलतं, सूर्यास्ताचं सगळ्यात महाग, आणि माझं स्पष्ट मत की एवढे पैसे वर जायला घालवू नयेत कारण वरून जे दिसतं त्यात बुर्ज खलिफाच नसतो. खालून बघा. संध्याकाळी कारंज्यांचा खेळ दर अर्ध्या तासाने होतो तो फुकट आहे. मेट्रो स्टेशनपासून शेजारच्या दुबई मॉलपर्यंत एसीवाला पूल आहे, ८०० मीटरच्या वर लांब, सरकत्या पट्ट्यांचा, आमच्याबरोबर चाललेल्या एका आजींनी तेवढ्यालाच दुबई मानलं आणि त्या फार खूश होत्या. मॉलमधलं मत्स्यालय बाहेरच्या काचेतून पण भरपूर दिसतं. ते शिडाचं हॉटेल उम्म सुकैमच्या सार्वजनिक बीचवरून अख्खं दिसतं, पाण्यात पाय सोडून. रास अल खोरला थंडीत फ्लेमिंगो येतात, बघायला झोपडीसारखे आडोसे केलेत, प्रवेश फुकट, पण शिवडी-ऐरोलीला बघितले असतील तर वाकडी वाट करू नका.

अबुधाबीला मात्र एक दिवस द्याच. अल घुबैबावरून किंवा इब्न बतूता स्टेशनवरून सरकारी बस सुटते, २५ दिरहम, रस्ता असा की चहाचा कप ठेवला तरी हिंदकळणार नाही, हे एसटीच्या माणसाचं सर्टिफिकेट आहे. शेख झायेद मशीद बघायला पैसे नाहीत, फक्त ऑनलाइन आधी नाव नोंदवायचं आणि अंगभर कपडे, बायकांनी डोक्यावरून ओढणी. पांढरे ८२ घुमट. आपण देवळात जाताना जितकं नीट जातो तितकं नीट गेलात तर कोणी अडवत नाही, समजावून सांगतात, हसून सांगतात. तिकडचं नवीन स्वामीनारायण मंदिर १४ फेब्रुवारी २०२४ ला उघडलं तेही बिनतिकिटाचं, पण ते शहरात नाही, दुबई-अबुधाबी हायवेच्या बाजूला आहे, दोन्ही एका दिवसात करायचं तर चार जण मिळून गाडी ठरवणं बरं पडेल.

तर विनंती एवढीच, की पुढच्या वेळी परदेशाचं पान काढाल तेव्हा त्यात एक चौकट अशी टाका की तिथे पगारदार माणूस काय खातो, कशाने जातो, कुठे बसतो आणि किती पैसे लागतात. आमच्यासारख्या वाचकांना तेवढी पुरते, बाकीचं आम्ही शोधू. आणि जाहिरातीतल्या चांदणीचा अर्थ जरा मोठ्या अक्षरात छापा असं त्या कंपनीला सांगता आलं तर सांगा. तुमचं उत्पन्न आहे ते, मला कळतं, पण आमचंही आहे.

आपली नेहमीची वाचक,
चिपळूण
(नाव छापू नये, पतपेढीत सगळे विचारत बसतील)

ता. क. : सर्वांत महत्त्वाचं राहिलंच. तिकडे खसखस न्यायला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. साधी स्वयंपाकाची खसखस. त्यामुळे पुतण्या-भाच्यांसाठी अनारसे, खसखस घातलेला घरचा मसाला, खसखशीचे लाडू असलं काहीही बॅगेत भरू नका. विड्याची पानं, तंबाखूचं पान पण नको. झोपेच्या, दुखण्याच्या, खोकल्याच्या काही गोळ्या-औषधं तिकडे चालत नाहीत किंवा आधी परवानगी लागते, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं नाव आधी तपासून घ्या. आमच्या जाऊबाईंनी डबा भरून दिला होता अनारशांचा, तो मुंबईत भाचीकडे ठेवून गेलो, परत येईपर्यंत तिच्या मुलांनी संपवला.